उसाच्या ट्रॉलीस मागचा दिवा स्वहस्ते बसविणे

प्रस्तुत मार्गदर्शिका भिगवण परिसरातून शेटफळगढे, भवानीनगर आणि बिजवडीच्या दिशेने ऊस वाहणाऱ्या समस्त ट्रॅक्टरचालकांसाठी सिद्ध केली असली, तरी ती वाचायची आहे आमच्या एकट्या भाच्याने. इतरांनी वाचल्यास हरकत नाही.

पात्रता : या कामास वायरिंगचे ज्ञान लागते. भाच्याकडे ते आहे, आणि तक्रार तीच आहे. त्याच्या ट्रॅक्टरच्या टपावर दोन स्पीकर, सीटमागे वूफर. बॅटरीपासून अंगठ्याएवढी जाड तांब्याची वायर निघते. बॅटरीला लागूनच फ्यूज, म्हणजे पुढे वायर कुठे घासली तर फ्यूज जावा, ट्रॅक्टर जाऊ नये. मधे रिले. प्रत्येक टोकाला थिंबल दाबलेले, सगळी वायर पाइपातून ओवलेली. पुढच्या बाजूला एलईडीच्या पट्ट्या अशा, की कुंभारगावच्या पाण्यात एका पायावर झोपलेल्या रोहित पक्ष्यांना उजाडल्यासारखे वाटावे. त्यामागे एक ट्रॉली, त्यामागे दुसरी. आणि दुसरीच्या मागे, जिथे आमच्यासारखा स्कूटरवाला येतो, तिथे मिट्ट काळोख. फळीवर ‘दमानं घ्या पाव्हणं’ असे सुवाच्य अक्षरांत रंगवले आहे. ते दिवसा वाचता येते.

मागे दिवा का नाही, असे विचारल्यावर भाचा म्हणाला, “मामा, मागनं येणाऱ्याच्या गाडीला लाइट असतोय की!” या युक्तिवादाला उत्तर नसल्यामुळे आपण थेट कायद्याकडे वळू.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि नंबरप्लेटवरचा उजेड एवढा हवा, की नंबर १५ मीटरवरून वाचता यावा. भाचा १५५ मीटरवरून स्वच्छ ऐकू येतो. नियम दिसण्याबद्दल आहे.

हूक : पिन घातली की काम झाले असे समजू नये. पिनेच्या खालच्या भोकात लॉक घालावे. तिथे बांधणीची तार पिळणे हा उपाय नव्हे, ती आशा आहे. दांड्याखालून दोन साखळ्या एकमेकींना ओलांडून, फुलीसारख्या लावाव्यात, म्हणजे पिन निघालीच तर दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांवर टेकतो. साखळी वळणापुरती सैल असावी, रस्त्याला घासेल इतकी नव्हे.

वायर आणि तिचे रंग : सात पिनांचा सॉकेट आणावा. रंगांची वाटणी ठरलेली आहे. पिवळी डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, लाल ब्रेकची, काळी डाव्या टेल लॅम्पची, तपकिरी उजव्याची, पांढरी अर्थिंगची. सातवी निळी, मागच्या धुक्याच्या दिव्यासाठी. तो दिवा या भागात कोणी बसवत नाही, त्यामुळे निळी रिकामी राहते. तिला कापू नये, पुढे लागणार आहे. दुकानात ‘कुठल्या रंगाची देऊ?’ असे विचारल्यावर ‘देऊन टाका, जी असेल ती’ म्हणणाऱ्याने पुढच्या हंगामात रात्री बारा वाजता, मोबाइल दातांत धरून, सात एकसारख्या काळ्या वायरींपैकी ब्रेकची कोणती हे शोधावे. बल्ब १२ व्होल्टचाच मागावा. ट्रकचा २४ व्होल्टचा गळ्यात पडला तर तोही लागतो, पण लाजत लागतो.

अर्थिंग : आता मन लावून वाचावे. ट्रॉलीवाल्यांची समजूत अशी, की करंट नेला की दिवा लागतो. करंट उसन्या साखरेसारखा आहे, परत आला तरच पुढचा व्यवहार. मागच्या दिव्याला एकच वायर नेली, की परतीची वाट राहते हूक, पिन आणि दांडा. पिनेला ग्रीस, दांड्याला गंज, त्यावर उसाची चिकटी आणि वर काळी माती. सपाट रस्त्याला लोखंड लोखंडाला टेकते, खड्ड्यात सुटते. मग ब्रेक दाबला की करंट परतीची वाट शोधत भलत्याच बल्बांतून हिंडतो आणि सगळेच दिवे थोडे थोडे मिणमिणतात. लोक बल्ब बदलतात. पुन्हा बल्ब बदलतात. बल्बाचा काही दोष नसतो. पांढरी वायर स्वतंत्र न्यावी, इतरांपेक्षा जाड, कारण सगळ्या दिव्यांचा परतीचा करंट तिच्या एकटीच्या अंगावर असतो. ट्रॉलीच्या चॅनेलवरचा रंग पांढरे लोखंड दिसेपर्यंत खरवडावा, थिंबल बोल्टखाली कसावे आणि मगच वर रंग मारावा. आधी रंग आणि मग बोल्ट असे करू नये.

हे भाच्याला समजावून सांगताना तो मान डोलवत होता. नंतर पाहिले, तर वूफरची अर्थिंग त्याने बॉडीवर सोडलेलीच नव्हती. वेगळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेलेली. का रे? तर, “बॉडीवर दिली की गाण्यात गुणगुण येती, मामा.”

दिव्याची जागा : पुस्तकात लिहितात, ‘मागील बाजूस’. पुस्तक लिहिणाऱ्याने कारखान्याची गव्हाण पाहिलेली नाही. ऊस ट्रॉलीच्या बाहेर हात-दीड हात लोंबतो, त्यावर वाढ्याच्या पेंढ्या. फळीखालचा दिवा जळत असला तरी पाचटाच्या पडद्याआड. आणि गव्हाणीवर ऊस ओढून खाली केला, की दिव्याची काच उसाबरोबर गाळपाला. तेव्हा दिवे पक्के बसवूच नयेत. हातभर लांब पट्टीवर दोन टेल लॅम्प, दोन इंडिकेटर आणि नंबर अशी सुटी पाटी करावी, तिची वायर दोन वाव सैल ठेवावी. ऊस भरून झाला की पाटी सगळ्यांत शेवटी, उसाच्याही मागे, दोरीने बांधावी. काट्यावर भरलेले वजन झाले की सोडून सीटखाली ठेवावी. मुकादमाला हे पटते, पोरांना पटत नाही. पाटी सीटखाली ठेवायची तर तिथला ॲम्प्लिफायर हलवावा लागतो.

रिफ्लेक्टर : हंगामाच्या तोंडावर पाहुण्यांच्या हस्ते लावतात, फोटो निघतो. फोटोनंतर मात्र तो ओल्या फडक्याने पुसावा लागतो, आणि त्याला पाहुणे येत नाहीत.

उभी ट्रॉली : महामार्गाच्या कडेला चिलापीचे ताट खायला थांबलात, तर चारही इंडिकेटर चालू ठेवा. मागे धोंडे मांडून वर बाभळीची फांदी खोचणे ही आपली जुनी पद्धत. पण निघताना फांदी नाही तर नाही, निदान धोंडे तरी उचला रे! जेवून तुम्ही जाता बिजवडीला, आणि तो धोंडा पहाटे चारपर्यंत डांबरावर माझी वाट बघत बसतो.

फ्लॅशर : दोन ट्रॉल्या जोडल्या की जुन्या फ्लॅशरला बल्बांचा भार झेपत नाही. जास्त वॅटचा घ्यावा.

जोडणी, खास भाच्यासाठी : इथे ती निळी वायर लागते. गाण्याच्या डेकला करंट देणाऱ्या रिलेच्या कॉइलची अर्थिंग बॉडीवरून काढावी आणि सॉकेटच्या निळ्या पिनेला द्यावी. ट्रॉलीच्या प्लगमध्ये निळी आणि पांढरी एकत्र जोडावी. आता ट्रॉलीचा प्लग सॉकेटात घातल्याशिवाय रिले ओढत नाही आणि रिले ओढल्याशिवाय गाणे वाजत नाही. मागचे दिवे जोडल्याखेरीज पुढे करमणूक नाही, अशी ही व्यवस्था आम्ही स्वतः, चहा पीत, भाच्याच्या हातून करून घेतली.

चार दिवस दोन्ही ट्रॉल्यांचे दिवे पेटलेले पाहिले. पाचव्या दिवशी प्लग दोरीने दांड्याला गुंडाळलेला आणि गाणे फाटकातूनच ऐकू आले. सॉकेटात दुसराच एक प्लग बसवलेला होता, वायर नसलेला. उघडून पाहिला. आत निळी पांढरीला जोडलेली, तांबे नीट पिळलेले, थिंबल दाबलेले, वरून टेपचा एकही सुरकुती नसलेला वेढा. इंदापूर तालुक्यात इतकी स्वच्छ जोडणी मी दुसरी पाहिलेली नाही.