पावसाळा होऊ द्या

नव्या सदनिकेच्या किल्ल्या हातात पडण्याआधी एका छापील कागदावर सही करावी लागते. ‘सदनिका मी प्रत्यक्ष पाहिली, तपासली, बांधकाम समाधानकारक असून माझी कोणतीही तक्रार नाही,’ असं त्यात लिहिलेलं असतं. त्या दिवशी नळाला पाणी यायचं असतं, विजेचा मीटर बसायचा असतो आणि लिफ्ट तपासणीसाठी थांबलेली असते. पाणी नाही म्हणून काही गळत नाही, वीज नाही म्हणून कुठे शॉक बसत नाही. इतकं निर्दोष घर पुन्हा आयुष्यात पाहायला मिळत नाही. माणूस हसतमुखानं सही करतो, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली धरून बिल्डरबरोबर फोटो काढतो आणि राहायला येतो.

मग पाणी येतं. बाथरूमच्या फरशीला नहाणी ट्रॅपकडे उतार द्यायचा असतो; मीटरमागे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पुरतो. तो दिलेला असतोच, फक्त दाराच्या दिशेनं. आंघोळीचं पाणी जाळीला लांबून नमस्कार करून बेडरूमकडे निघतं. तक्रार केली की साइट सुपरवायझर येतो. गोड मुलगा असतो. चपला बाहेर काढतो, चहा नको म्हणतो आणि मग घेतो, मगभर पाणी ओततो, उकिडवा बसून पाहतो आणि निकाल देतो, ‘जातंय की काका. थोडं हळू जातंय.’ जाताना वायपर मारायचा सल्ला देतो. पुण्याच्या पश्चिमेला कोटभर रुपये मोजून घेतलेल्या घरात सगळ्यात जास्त राबणारी वस्तू ही दीड-दोनशे रुपयांची असते.

फरशांचं म्हणाल तर काही फरशा ठोकून पाहिल्या की पोकळ वाजतात. खाली मसाला पुरता बसलेला नसतो. त्या उचलून पुन्हा बसवणं हा उपाय. ‘त्यावर जड काही ठेवू नका’ हा बिल्डरचा उपाय. पण या पोकळीचाही उपयोग आहे. वास्तुशांतीला गुरुजी आग्नेय कोपऱ्यात खड्डा मागतात, वास्तुपुरुषाची प्रतिमा ठेवायला. पूर्वी घराखाली जमीन होती, खणता यायचं. आता जेमतेम वीतभर स्लॅब आणि त्याखाली दुसऱ्याचा पंखा. आग्नेयेची फरशी पोकळ निघाली तर वास्तुपुरुषाची सोय आधीच करून ठेवली म्हणून बिल्डरचे आभार मानावेत. घरात बोललेल्या प्रत्येक वाक्याला वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणतो, म्हणून घरात वाईटसाईट बोलू नये, असं आपल्याकडे आज्या सांगत आल्या. गृहप्रवेशाच्या दिवशी ‘ही भिंत गळणार बहुतेक’ असं कुणी पुटपुटलं, तर पुढच्या सगळ्या जबाबदारीतून बिल्डर मोकळा.

नव्या घराचा खरा अधिष्ठाता मात्र वास्तुपुरुष नव्हे, पुट्टी. वीटकाम आणि काँक्रीटचा खांब जिथे एकमेकांना भिडतात तिथे भेग पडते, कारण तापण्याचं आणि आक्रसण्याचं दोघांचं प्रमाण वेगळं. म्हणून त्या जोडावर चिकनमेशची जाळी ठोकायची, मग प्लास्टर करायचं, मग त्या प्लास्टरवर किमान 7 दिवस पाणी मारायचं. हे कुठल्याही जाणत्या गवंड्याला ठाऊक असतं. पण जाळीला पैसे पडतात, पाणी मारायला टँकर लागतो आणि 7 दिवस थांबलं तर ताब्याची तारीख हुकते. पुट्टीला यातलं काहीच लागत नाही. एक माणूस, एक पत्रा, अर्धा तास. भेग गेली. दिवाळीच्या सुमारास ती परत येते, तेव्हा सुपरवायझर समजावतो, ‘हेअरलाइन आहे काका, सगळीकडेच असते. बिल्डिंग सेट होतेय.’ आपण घरात रुळायला आलो होतो, इथे घरच आपल्यात रुळायला आलेलं असतं.

ओलीचं शास्त्र याहून गहन आहे आणि ते ऋतुमानावर चालतं. मे महिन्यात तक्रार करा: ‘आत्ता कुठे दिसतंय गळताना? पावसाळा होऊ द्या, कुठून येतंय ते कळेल.’ जुलैत भिंतीवर पश्चिम घाटाचा नकाशा उमटतो, तेव्हा फोन करा: ‘आत्ता भिंत ओली आहे, काम धरणार नाही. पावसाळा होऊ द्या.’ नोव्हेंबरात डाग वाळून पापुद्रे सुटतात, पांढरा खार फुलतो. सुपरवायझर त्यावर हात फिरवतो आणि खुशीत म्हणतो, ‘वाळली की!’ मग पुट्टी, वर रंगाचा एक हात, आणि आपल्याकडून ‘काम समाधानकारक’ अशी सही. त्या रंगाची छटा उरलेल्या भिंतीशी कधी जुळत नाही, त्यामुळे डाग कुठे होता हे पाहुण्यांना बोट दाखवून सांगावं लागत नाही, एवढी सोय होते. बाहेरून खिडकीच्या चौकटीचे सांधे भरले का, गच्चीचा कोबा तपासला का, वरच्या बाथरूममध्ये 24 तास पाणी तुंबवून पाहिलं का, हे विचारायचं नसतं. आणि वरच्या सदनिकेचे मालक न्यू जर्सीत असतात. त्यांनी ते घर राहायला नव्हे, वाढायला घेतलेलं असतं. घर बंद, किल्ली चुलतभावाकडे, चुलतभाऊ नाशिकला. पाण्याला मात्र किल्ली लागत नाही.

आता कायद्याचं. सदनिकाधारकाची बाजू कायद्यात इतकी भक्कम आहे की वाचून गहिवरून येतं. महाराष्ट्राच्या 1963 सालच्या मोफा कायद्यात (सदनिका-मालकीच्या कायद्यात) लिहिलेलं आहे की, ताब्यानंतर 3 वर्षांत दोष दिसला तर शक्य तिथे बिल्डरनं तो फुकट दुरुस्त करून द्यावा. 2016 च्या रेरा कायद्यानं ती मुदत 5 वर्षांवर नेली. कलम 14 म्हणतं, बांधकामातला, कारागिरीतला किंवा सेवासुविधांतला दोष ताब्यापासून 5 वर्षांत बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्यानं तो 30 दिवसांत एक पैसाही न घेता दुरुस्त करावा, नाहीतर भरपाई द्यावी. ताबापत्रावरच्या आपल्या हसतमुख सहीनं ही जबाबदारी पुसली जात नाही.

म्हणून मग करारनाम्यातलं एक कलम पुढे येतं. सदनिकाधारकानं लेखी परवानगीशिवाय सदनिकेत फेरफार केला, तर दोषाची जबाबदारी आमची नाही, असं बऱ्याच करारनाम्यांत असतं. हेतू रास्त आहे. लोक स्वयंपाकघराच्या जागी बाथरूम नेतात आणि मग बिल्डरच्या नावानं ओरडतात. पण व्यवहारात फेरफाराची व्याख्या फार उदार होते. हॉलमध्ये गणपतीची तसबीर लावायला एक खिळा ठोकलेला असतो. सुपरवायझर त्या खिळ्याकडे बघतो, मग पलीकडच्या खोलीतल्या ओल्या भिंतीकडे बघतो आणि पहिल्यांदाच गंभीर होतो. ‘ड्रिलिंग केलंय का काका?’

एवढा कायदा हाताशी असताना तक्रारी का होत नाहीत? बिल्डर वाईट, हे उत्तर सोपं आहे आणि अर्धंच आहे. उरलेलं अर्धं इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सापडतं. तिथे कुणीतरी ओल्या भिंतीचा फोटो टाकतो. पाच मिनिटं शांतता. मग एक जण: ‘आमच्याकडेही.’ दुसरा: ‘आमच्याकडे छताला.’ क्रांती होणार असं वाटेपर्यंत तिसरा येतो: ‘कृपया असे फोटो ग्रुपवर टाकू नयेत. बाहेर गेले तर आपलाच रेट पडेल.’ त्याला चौदा अंगठे. फोटो डिलीट होतो. संध्याकाळी त्याच ग्रुपवर स्विमिंग पुलाचा सूर्यास्तातला फोटो येतो, खाली हृदयांची रांग. पूल रिकामा असतो, कारण टाइल्स सुटल्यात.

बिल्डरला हे पक्कं ठाऊक आहे. भेग लपवायला पुट्टी त्यानं आणली, पण दर सांभाळायला तोंडावर पुट्टी लावून घेणारे आपणच. घर विकायला काढलेल्या शेजाऱ्यानं तर ओल मान्य करायची सोयच नाही. गिऱ्हाइकाला तो कोरड्या उन्हाळ्यात बोलावतो, आणि ‘पावसात कसं असतं?’ या प्रश्नावर म्हणतो, ‘व्ह्यू फार सुंदर असतो.’ ज्यानं ही कला आत्मसात केली तो उद्या प्लॉट घेऊन बिल्डर झाला तरी नवल नाही.

ग्रुपवरच्या त्या तिसऱ्या सभासदाला एक हिशोब सांगायचा आहे. ओल रेटपेक्षा चिवट असते. पाणी प्लास्टरमागे मुरत राहिलं की स्लॅबमधली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पाडते. फोटो लपवल्यानं हे थांबत नाही. फक्त 5 वर्षांची मुदत संपते आणि तेच काम सोसायटीच्या वर्गणीतून होतं.

तेव्हा, ज्यांचा ताबा नवा आहे त्यांनी एवढं करावं. सुपरवायझरला चहा जरूर द्यावा, पण तक्रार तोंडी देऊ नये. फोनवर सांगितलेल्या तक्रारीला तारीख नसते आणि 30 दिवस मोजायला तारीखच लागते. ईमेल करा, पोच ठेवा, शेजाऱ्यांनाही त्यात घ्या. काम झाल्याच्या कागदावर भर पावसात भिंत पाहिल्याशिवाय सही करू नका. आणि फोटो काढायचे असतील तर पुट्टीवाला यायच्या आधी काढा.