केनियाची बॅग

भाची शाळेच्या गटाबरोबर केनियाला निघाली आहे. गेंडे वाचवायला, असं तिचं म्हणणं. गेंडे वाचतील तेव्हा वाचोत, सध्या तिच्या आईला वाचवायची वेळ आली आहे.

पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते, नाहीतर परतताना आपल्याच विमानतळावर अडकायला होतं. लसीच्या प्रमाणपत्राची पिवळी पुस्तिका बहिणीने देवघरात ठेवली आहे. प्रमाणपत्र आता जन्मभर चालतं हे कळल्यावर भाऊजी हळूच म्हणाले, "मग आपणही टोचून ठेवायची का?"

कपड्यांचं वेगळंच. निळ्या-काळ्या रंगावर त्सेत्से माश्या येतात, आणि लष्करी छापाचे कपडे सामान्य माणसाने केनियात घालायचे नाहीत. पोरीच्या कपाटात या दोन्हींखेरीज काही निघेना. शेवटी आजोबांचा एक जुना मातकट शर्ट सापडला. तो म्हणे सध्या फॅशनमध्ये आहे.

खरा पेच पडला तो प्लॅस्टिकच्या पिशव्यांवरून. केनियाने २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्यावर बंदी घातली, आणि ती नुसती कागदावरची नाही. मोठा दंड होतो, तुरुंगही होऊ शकतो. आपल्याकडेही २०१८ साली बंदी आली. ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एका मोठ्या पिशवीत, बाकीच्या पिशव्यांसोबत, नीट घडी घालून ठेवलेली आहे. बहिणीचं सगळं पॅकिंग त्या ठेव्याच्या भरवशावर चाललेलं. चप्पल एका पिशवीत, ओले कपडे दुसरीत, चिवडा तिसरीत, आणि चिवड्याची पिशवी फुटली तर म्हणून चौथी. हे सगळं बाहेर काढून भाचीने जुन्या ओढण्यांच्या पिशव्या शिवायला घेतल्या. एकही गेंडा न बघता संवर्धनाचं काम सुरू झालं ते असं.

मुलांचा अभ्यासही चालू आहे. गेंड्याच्या कानांच्या कडांना खाचा पाडतात. कोणती खाच कुठे, यावरून त्याचा नंबर कळतो. भाची वहीत कान काढत बसते. "म्हणजे कान टोचण्यासारखंच," आजीने निकाल दिला.

रात्री ती आजीला केनियातल्या ओल पेजेता अभयारण्याबद्दल सांगत होती. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांपैकी शेवटचा नर, सुदान, तिथेच १९ मार्च २०१८ रोजी गेला. आता जगात उरल्या दोघीच, नाजिन आणि तिची मुलगी फातू. चोवीस तास बंदूकधारी पहारा. दोघींनाही स्वतः गर्भ वाढवता येत नाही, म्हणून फातूची बीजांडं काढून प्रयोगशाळेत भ्रूण तयार करतात आणि दक्षिणेकडच्या गेंडिणीच्या पोटात वाढवायचा प्रयत्न करतात. नाजिनचीही काढत असत. पण वय झालं म्हणून २०२१ साली तिला त्यातून मोकळं केलं.

आजी शंकरपाळे तळत होती. "ऐकलंस का गं," ती बहिणीला म्हणाली, "गेंड्याच्या आईलासुद्धा निवृत्ती मिळते." आणि पुढचा घाणा तेलात सोडला.