बॅटरीची आढी

परमुलखातून येऊन रत्नागिरीत अडकून पडण्याची परंपरा जुनी आहे. ब्रह्मदेशचा थिबा राजा 1886 मध्ये आला, त्याचा राजवाडा बांधून होईपर्यंत 1910 उजाडलं आणि 1916 मध्ये तो इथेच गेला. आमची प्रियस त्याच वाटेने आली. जपानात 1997 मध्ये निघालेली ही हायब्रीड टोयोटाने 2010 मध्ये भारतात आणली, तेव्हा किंमत ऐकून भलेभले शोरूममधून नुसतं पाणी पिऊन परत जायचे. माझ्या मेहुण्याने मात्र हौसेने घेतली, मुंबईत भरपूर फिरवली आणि पार्किंगच्या जागेवरून सोसायटीत कटकट सुरू झाल्यावर, "भाऊजी, तुमच्याकडे अंगण आहे," एवढ्या एकाच निकषावर मला दिली.

बॅटरीवर असली की ही गाडी आवाज करत नाही. आमच्या आळीत आवाज न करता येणाऱ्या माणसाबद्दलही चांगलं बोलत नाहीत, गाडीची काय कथा! शेजारच्या तात्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "आधी खाकरा, मग गाडी आणा. आमचं वय झालं."

यंदा ऐन मे महिन्यात पडद्यावरचं बॅटरीचं चित्र भरलेलं असताना एकदम रिकामं व्हायला लागलं, मागच्या सीटजवळचा पंखा घोंगावायला लागला, आणि साळवी स्टॉपच्या अलीकडे लाल त्रिकोण पेटून गाडी बसली. पुन्हा चालू होईना. हां हां म्हणता धक्का मारायला माणसं जमली. धक्का मारण्यात रत्नागिरीकर कंजुषी करत नाही. फक्त मारताना टोमणाही मारतो. पण या गाडीला धक्का चालत नाही. तिला वेगळा स्टार्टरच नाही. मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर पेट्रोलचं इंजिन फिरवते, तेव्हा ते सुरू होतं. डिकीत नेहमीची बारा व्होल्टची बॅटरीही असते, पण तिचं काम गाडीतल्या कॉम्प्युटरांना जागं करण्यापुरतं. हे सगळं मी भर उन्हात समजावून सांगितलं. एका रिक्षावाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे दोन-दोन बॅटऱ्या असून बंद पडली?"

मिरजोळ्याच्या मेकॅनिकने हातात जाड रबरी मोजे चढवले, नारिंगी प्लग उपसला आणि दहा मिनिटं कोणी हात लावू नका म्हणाला. आत साठलेली वीज उतरायला तेवढा वेळ द्यावा लागतो. जमलेल्या मंडळींनी चहा मागवला. (पैसे मी दिले.) मग झाकण उघडलं. आत ओळीने अठ्ठावीस काळे ठोकळे, प्रत्येकी 7.2 व्होल्टचे, एकामागोमाग एक जोडून 201.6 व्होल्ट. निकेल-मेटल हायड्राइडचा हा प्रकार दणकट, पण एक ठोकळा रुसला की सत्तावीसही अडतात. जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर खाऱ्या हवेने हिरवा थर चढलेला. हे एक वेळ समजण्यासारखं होतं.

मग त्याने पंखा काढला. बॅटरी गार राहावी म्हणून तो मागच्या सीटशेजारच्या जाळीतून गाडीतली हवा ओढतो. त्याच्या पात्यांत गच्च पेंढा बसला होता. आमच्या सासऱ्यांची ठाम समजूत आहे की, जपान्यांनी मागची सीट आडवी होणारी केली ती हापूसच्या पेट्यांसाठी. दर मोसमात ते जाळीला टेकवून पेट्या रचतात. मेकॅनिकने पेंढ्याची मूठ वर धरली.

"साहेब, ही तर तुम्ही बॅटरीची आढी घातलीत!"

"मग पिकली असेल," सासरे म्हणाले.

एकच ठोकळा बदलता आला असता. पण बाकीचे त्याच वयाचे; पावसाळ्यात पुढचा गेला की पुन्हा चहा. म्हणून अख्खी नवी मागवली. रकमेचा आकडा सौभाग्यवतींनी मनातल्या मनात तोळ्यांत मोजला आणि मोठ्याने मेहुण्याला फोन केला. भाऊ-बहिणीचं ते संभाषण बॅटरीपेक्षा जास्त व्होल्टचं होतं. चाळीसेक किलोचं ते धूड आत बसलं, पट्ट्या नव्या लागल्या, जाळीपुढे पेट्यांना कायमची बंदी झाली. सासरे दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

उरली जुनी. भंगारवाला आला, टिचकी मारून म्हणाला, "शिसं आहे?"

"नाही. निकेल."

"मग राहू दे."

2022 च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत घेऊन तिची विल्हेवाट लावणं उत्पादकाचं काम. तेव्हा न्यायला कोणी येईपर्यंत ती टेप गुंडाळून, खोक्यात घालून पडवीत ठेवली आहे. तात्या रोज तिला प्रदक्षिणा घालतात.

"दोनशे व्होल्ट म्हणालास ना? लाईट गेली की आमच्या पंख्याला लावून बघू."

"तात्या, जीव जाईल."

"बरं, मग पंपाला?"