वेलची खा, पायी चला

२०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सरकारी कार्यालयांना पत्र धाडलं: कँटीनमध्ये, सभागृहात तेल-साखरेचे फलक लावा, कशात किती तेल आणि किती साखर ते खाणाऱ्याला कळू द्या. विचार वाईट नव्हता. पण बातम्यांनी त्यातून समोसा आणि जिलबी तेवढी उचलली, आपल्याकडे वडापावाची अस्मिता दुखावली, आणि जुलैच्या मध्यावर सरकारला खुलासा करावा लागला की कुठल्याही पदार्थावर इशारा छापायला आम्ही सांगितलेलं नाही. समोसा निर्दोष सुटला. फलक लागले असतील. फलक लावणं आपल्या आरोग्य व्यवस्थेला मनापासून आवडतं.

त्यामागे तत्त्वज्ञान आहे बरं का. १९८६ साली कॅनडातल्या ओटावा शहरात जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेत आरोग्य संवर्धनाची सनद निघाली. तिच्यात कामं पाच. सगळ्याच खात्यांची धोरणं आरोग्याला पोषक हवीत. निरोगी राहता येईल असा परिसर हवा. गावाचा निर्णय गावाच्या हाती हवा. दवाखान्यांनी औषधपाण्यापलीकडे जाऊन आजार होऊच नये याकडे वळायला हवं. आणि माणसाला स्वतःची काळजी घेण्याची माहिती आणि कौशल्यं मिळायला हवीत. आपण पडलो हिशेबी. पहिल्या चारांत खर्च आहे, भांडणं आहेत, वर अर्थखात्याची मनधरणी आहे. उरलेल्या एकाला डबाभर ऑइलपेंट पुरतो. तेच निवडलं, आणि त्यातलंही कौशल्य वगळून माहिती ठेवली.

१५ ऑक्टोबर, जागतिक हात धुवा दिन. शाळेच्या भिंतीवर हात धुण्याचे टप्पे झकास रंगवलेले, खाली नळ. नळाला पाणी आणणं पाणीपुरवठावाल्यांचं काम, त्यात आरोग्यवाले ढवळाढवळ करत नाहीत. सुसंस्कृत खाती आहेत आपली.

खरी बहार तंबाखूत आहे. २०१२ च्या जुलैत महाराष्ट्रात गुटखाबंदी आली. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे अशी बंदी एका वेळी फार तर वर्षभराची, म्हणून अधिसूचना दरवर्षी नव्यानं काढावी लागते. गुटख्याला नूतनीकरण लागत नाही. तो सीमेपलीकडून पोत्यांतून येतो, अधूनमधून पकडला जातो, पोत्यांमागे साहेब उभे राहतात, फोटो छापून येतो. टपरीवाल्याला तुम्ही ओळखीचे असलात की पुडी काउंटरखालून वर येते. बंदीमुळे गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यात विश्वासाचं नातं तयार झालं, हा फायदा सनदेच्या लेखकांनाही सुचला नव्हता.

आणि वेलची! क्रिकेटचा सामना लावा. दोन षटकांच्या मधे सुटाबुटातले सिनेनट मोटारीतून उतरतात, केशर आणि शौर्याबद्दल बोलतात आणि शेवटी खातात काय, तर वेलची. पाकिटावरचं नाव मात्र पानमसाल्याचं. वेलची पिकवणाऱ्या केरळच्या शेतकऱ्याला हे बघून गहिवरून येत असेल. एवढा खर्च करून वेलची खपवणारा हा उद्योग धर्मादायच म्हणायचा.

तंबाखूच्या पुडीवर २०१६ पासून ८५ टक्के जागेत कर्करोगाचं भेसूर चित्र आणि इशारा असतो, हे खरोखर चांगलं काम झालं. पण मशेरी लावणाऱ्या आजीबाईंकडे पुडीच नसते. त्या सुटी तंबाखू आणतात, तव्यावर भाजतात, डबीत भरतात. चित्र छापायचं कुठं? तव्यावर? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे निघाले, आणि त्यांतले बहुतेक विडी-सिगारेट ओढणारे नव्हेत, तर चघळणारे नाहीतर हिरड्यांना लावणारे. आजीबाईंशी भिंत बोलू शकत नाही. तिथं कुणीतरी ओट्यावर बसून, आधी सुनेची, मग गुडघ्याची चौकशी करून मग विषय काढावा लागतो.

ते काम आशाताई करतात. राज्यात सुमारे सत्तर हजार आहेत. कागदोपत्री त्या स्वयंसेविका, त्यामुळे त्यांना पगार नसतो, मानधन असतं, म्हणजे मान रोख आणि धन उधार. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, वाढीचं आश्वासन मिळालं, आणि त्या आश्वासनाचा शासन निर्णय निघावा म्हणून २०२४ च्या सुरुवातीला त्या पुन्हा आझाद मैदानात बसल्या. बरोबर आहे. भिंत संप करत नाही, म्हणून भिंत आवडते.

लोकांनी स्वतः पुढाकार घ्यावा, असंही ती सनद म्हणते. चंद्रपूरच्या बायकांनी ती वाचली नसावी, पण घेतला. २०१० मध्ये दारूबंदीसाठी त्या चिमूरहून पायी निघाल्या त्या थेट नागपूरला अधिवेशनावर धडकल्या. समिती नेमली गेली, आणि बऱ्याच आंदोलनांनंतर २०१५ मध्ये जिल्ह्यात बंदी आली. मग बेकायदा दारू वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला असं म्हणत दुसरी समिती आली आणि मे २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट चालू असताना, मंत्रिमंडळानं बंदी उठवली. बेकायदा दारूवर इलाज म्हणून कायदेशीर दारू, ही उपचारपद्धती होमिओपॅथीच्या जवळची वाटते, फक्त मात्रा तितकी बारीक नसते.

रोज अर्धा तास चाला, असं प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. चिमूरच्या बायकांनी तो सल्ला सरकारी अपेक्षेच्या कितीतरी पट पाळला. तेव्हा जिल्ह्याच्या आरोग्य अहवालात त्या पदयात्रेची नोंद व्हायला हरकत नाही. दारूच्या रकान्यात नको, तो उत्पादन शुल्क खात्याकडे असतो. 'शारीरिक हालचाल' या रकान्यात घ्यावी, शेरा: समाधानकारक.