सोमवारी साडूला मुंबई

गेली ३१ वर्षं मी डोंबिवलीहून फोर्टात नोकरीला येतोय. कचेरीपासून गेटवे ऑफ इंडिया चालत पंधरा मिनिटांवर. एवढ्या वर्षांत मी तिथे किती वेळा गेलो असेन? दोनदा. एकदा लग्नानंतर लगेच आणि एकदा साहेबांच्या पाहुण्यांना टॅक्सी मिळवून द्यायला. पहिल्या खेपेला माझं लक्ष शेजारी होतं, दुसऱ्या खेपेला टॅक्सीकडे. पण म्हणून काय झालं? मुंबईकराला मुंबई पाहावी लागत नाही. पोहणं यावं तशी ती त्याला येते.

(मला पोहता येत नाही. पण ते पुढे.)

कोल्हापूरचे साडू हे माझं जुनं दुखणं आहे. माणूस सोन्यासारखा. पण गेल्या दिवाळीत त्यांनी आम्हाला पन्हाळा दाखवला, तो असा की बाजीप्रभू त्यांच्याच गल्लीत राहत असावेत. कुठल्या बुरुजावर कुठली तोफ, कुठल्या दारातून कोण बाहेर पडलं, सगळं तोंडपाठ. परतताना एसटीत आमची ही एवढंच म्हणाली, "बघा, असं दाखवतात गाव." तेव्हापासून मी दबा धरून बसलो होतो.

डिसेंबरात एका लग्नासाठी साडू, मेव्हणी आणि त्यांचा पाचवीतला चिरंजीव आमच्याकडे उतरले. मी बेत जाहीर केला : सकाळी गेटवे, तिथून लाँचने घारापुरी, लेण्यांतल्या त्रिमूर्तीचं दर्शन, संध्याकाळी ताजसमोर फोटो. वार मुद्दाम सोमवार धरला. "रविवारी तिथे मुंगीला जागा नसते. सोमवारी सगळं मोकळं," असं मी अनुभवी आवाजात सांगितलं. मेव्हणीने तर हातच जोडले. तिचे सोळा सोमवार चालू होते. "उपवासाच्या दिवशी महादेवाच्या दारात! किती विचार केलाय हो दाजी!"

मी नुसता हसलो. विचार मी अजिबात केला नव्हता.

सोमवारी सकाळी आठच्या लोकलचं वर्णन करत नाही. मोकळ्या दिवसाची सुरुवात साडूंच्या शर्टाचं एक बटण आणि माझ्या चपलेचा एक अंगठा गमावून झाली, इतकंच सांगतो.

गेटवेपाशी २००८च्या हल्ल्यानंतर पिशव्या तपासल्याशिवाय आत सोडत नाहीत. मी सगळ्यांना ताठ मानेने बाहेर पडायच्या वाटेने आत नेलं. शिट्टी वाजली. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं आणि समजुतीच्या स्वरात म्हणाला, "पहिल्यांदाच आलात का काका? रांग तिकडं." साडूंनी पुढे होऊन त्याचे आभार मानले.

आत पाऊल टाकतो तोच गळ्यात कॅमेरा आणि खांद्यावरच्या झोळीत प्रिंटर घेतलेला एक पोरगा आडवा आला. "अर्जंट फोटो, साहब! ताज का गुंबद उंगली में पकडो! कहाँ से आये हो?" मी करारीपणाने म्हणालो, "डोंबिवली." "अच्छा, बाहर से आये हो," तो म्हणाला आणि मला एका दगडावर उभं केलं. चिमूट वर धर, थोडी डावीकडे, अजून वर, बस. दोन मिनिटांत फोटो हातात. त्यात मी अत्यंत एकाग्रतेने आकाशातला काहीही नसलेला भाग चिमटीत धरला होता आणि ताजचा घुमट माझ्या कोपरावर बसला होता. साडूंनी तो फोटो जपून पाकिटात ठेवला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

खरा घोळ पोराने घातला. शहाणी मुलं मला आवडतात, पण ती दुसऱ्यांकडे असावीत. "काका, हा दरवाजा रस्त्याला तिरका का हो?"

मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. खरोखरच तिरका होता.

"समुद्राचा वारा," मी म्हणालो. "सरळ बांधला असता तर वारा अंगावर घेऊन पडला असता."

"आणि राजा यातूनच आला ना?"

"याच दरवाजातून! पंचम जॉर्ज आणि राणी मेरी. १९११." साल मला येत होतं, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

नेमका तेव्हा शेजारी एक गाइड सात-आठ गोऱ्या पाहुण्यांना घेऊन उभा होता आणि इंग्रजीत सांगत होता. मला कल्पना सुचली. त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं, कान तिकडे द्यायचे आणि पाच सेकंदांच्या अंतराने तेच मराठीत सोडायचं. पहिली दोन वाक्यं छान गेली. "जॉर्ज विटेट नावाचा आर्किटेक्ट," मी म्हणालो. "पिवळसर बेसॉल्ट," मी म्हणालो. साडूंची मान हलली. मी रंगात आलो आणि तिसरं वाक्य समजून घ्यायच्या आत बोलून टाकलं, "राजाराणी आले तेव्हा इथे पुठ्ठ्याचा दरवाजा होता. पायाचा दगडच १९१३ साली बसला आणि ही इमारत उघडली १९२४च्या डिसेंबरात."

"पण आत्ता तर म्हणालात, याच दरवाजातून आला," चिरंजीव.

"आणि समोरचा सरळ रस्ता पैसे नव्हते म्हणून झालाच नाही," गाइड सांगत होता, "त्यामुळे हा जुन्या रस्त्याला तिरका उभा आहे." हे मी मराठीत केलं नाही. पण पोराला पाचवीपुरतं इंग्रजी येत होतं.

गाइडवर अवलंबून राहण्यात धोका आहे हे ओळखून मी मोर्चा ताजकडे वळवला. ताजची एक गोष्ट मला पक्की येते. आमच्या कचेरीत सगळ्यांनाच येते. विलायतेतला आर्किटेक्ट नकाशे देऊन मायदेशी गेला. परत येऊन पाहतो तर कंत्राटदाराने नकाशा उलटा धरून सबंध हॉटेल पाठमोरं बांधलेलं! त्याने तिथल्या तिथे जीव दिला. मी हे हातवारे करून सांगितलं. मेव्हणीचे डोळे पाणावले. आणि मागून गाइडचा आवाज आला. तो पाहुण्यांना बजावत होता, की इथे तुम्हाला कुणीतरी पाठमोऱ्या ताजची आणि जीव देणाऱ्या आर्किटेक्टची गोष्ट सांगेल, तिच्यावर विश्वास ठेवू नका. दार आधीपासून शहराच्या बाजूलाच योजलं होतं, गाड्या तिकडून यायच्या. नकाशे सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे. वैद्य काम पुरं व्हायच्या आतच वारले, मग चेंबर्स नावाच्या इंग्रजाने ते पुरं केलं आणि १९०३ साली ताज उघडलं. म्हणजे गेटवेच्या २१ वर्षं आधी.

मराठी माणसाने आखलेली इमारत. मी त्याला विलायतेचा करून वर जीवही द्यायला लावला होता.

गाइड वळला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "काका, असे बाजूला का उभे? पुढे या, नीट ऐकू येईल. पैसे नाही घेणार." साडू लगेच पुढे झाले. मीही झालो. दुसरं करणार काय?

त्याने मग खास आमच्यासाठी मराठीत सांगितलं, की हे मूळचं कोळ्यांचं पालवा बंदर, इंग्रजांच्या जिभेवर त्याचं अपोलो झालं. आणि १९४८च्या फेब्रुवारीत इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून बोटीत चढून गेली. साडूंनी टोपी काढली. चिरंजीव मात्र पालव्यावर अडला होता. "काका, पलावा तुमच्या डोंबिवलीजवळ आहे ना?"

"तो वेगळा. तिथे समुद्र नाही."

"मग काय आहे?"

"ट्रॅफिक."

दिवसभरात मी दिलेलं हे एकमेव अचूक उत्तर.

आता सगळी भिस्त घारापुरीवर. छाती काढून तिकिटाच्या खिडकीशी गेलो. "पाच घारापुरी."

आतल्या माणसाने मान वर केली नाही. "सोमवार."

"हो, सोमवार. म्हणूनच आलो. गर्दी नसते."

"लेणी सोमवारी बंद असतात."

महादेवाची लेणी आणि महादेवाच्याच वारी बंद! मी मागे वळून पाहिलं नाही, पण मेव्हणीचा उपवास मला पाठीवर जाणवत होता. चिरंजीव शांतपणे म्हणाला, "म्हणूनच गर्दी नाही."

नाक राखायला मी बंदरातल्या अर्ध्या तासाच्या फेरीची तिकिटं काढली. वरच्या डेकचे वेगळे पैसे भरले. "आम्ही मूळचे रत्नागिरीचे," मी साडूंना सांगितलं. "समुद्र रक्तातच आहे. तुम्ही मात्र दांडी धरून बसा, रंकाळ्यासारखं नसतं हे." लाँच धक्क्यापासून सुटेपर्यंत मी उभा होतो. नौदलाच्या जहाजांकडे बोट दाखवून, फोटो काढू नका, अशी तंबीही दिली. मग एके जागी लाँचवाल्याने इंजिन मंद केलं आणि लाँच जागच्या जागी डोलायला लागली. समुद्र रक्तात होता तो तिथून पोटात उतरला आणि पोटातून वर यायला लागला.

बाकी मंडळी मजेत होती. थंडीत येणारे सीगल पक्षी लाँचमागे भिरभिरत होते. एकाने मेव्हणीच्या हातातला उपवासाचा वेफर अलगद उचलला आणि ती दिवसभरात पहिल्यांदा खळखळून हसली. मी दांडीला मिठी मारून पायांशी पाहत होतो. साडूंनी खिशातून लिंबू काढलं, नखाने सोललं आणि माझ्या नाकाशी धरलं. "खाली बघू नका, पाव्हणं. लांब बघा, त्या मोठ्या जहाजाकडं. घाटात आमच्या म्हातारीला बी असंच हुतंय." ते चिवड्याची रिकामी पिशवीही घेऊन तयार होते. ती लागली.

लाँचमधून उतरताना माझा हात दोघांनी धरला होता, साडूंनी आणि चिरंजीवाने. चिरंजीवाला घोड्याच्या व्हिक्टोरियाचा वायदा केला होता. तिचे घोडे कोर्टाच्या निकालानंतर केव्हाच बंद झालेत आणि बग्गी आता बॅटरीवर चालते, हे बग्गीवाल्यानेच मला सांगितलं.

रात्री घरी सगळे माझ्याशी फार प्रेमाने वागले. तेच सहन झालं नाही. मी पुन्हा बेत जाहीर केला. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं, तो हत्ती आता बेटावर नाहीच. तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. हे मला त्या गाइडने निघताना सांगितलं होतं आणि घरी मी ते स्वतःचं म्हणून सांगितलं. लेणी नाही तर नाही, बेटाचा हत्ती तरी दाखवतो. मंगळवारी लग्न. त्यामुळे बुधवारी सकाळी आम्ही पाचही जण भायखळ्याला उतरलो.

पन्हाळ्याच्या फोटोंशेजारी साडूंच्या बैठकीत आता माझा फोटो आहे, आकाश चिमटीत धरलेला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते अभिमानाने सांगतात, "ह्ये आमचे मुंबईचे साडू. अख्खी मुंबई दावली आमास्नी."

पाहुणे घेऊन जाणाऱ्यांसाठी एवढंच : घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. राणीची बाग बुधवारी.