बसा, पण ऐसपैस नको

इंग्लंडमधल्या जुन्या जमीनदारी हवेल्यांत शिरलं की दर्शनी दालनात भिंतीला पाठ लावून महोगनीच्या खुर्च्यांची रांग दिसते. त्यांना हॉल चेअर म्हणतात. गादी नाही, हात नाहीत, वेताची जाळीसुद्धा नाही. बैठक म्हणजे गुळगुळीत फळी, फार तर मधोमध बशीइतका उथळ खोलगटपणा. पाठीवर मात्र घराण्याचं रंगवलेलं मानचिन्ह: एखादा सिंह, गरुड, नाहीतर तलवार परजणारी मूठ.

गादी नसायला कारण आहे. इथे मानाचा पाहुणा बसतच नसे. त्याला नोकर थेट दिवाणखान्यात नेई. ही खुर्ची चिठ्ठी घेऊन आलेल्या निरोप्यासाठी, थकलेलं बिल मागायला आलेल्या शिंप्यासाठी. अंगावर पावसाने निथळणारा कोट, बुटांना चिखल. रेशमी गादीची पार वाट लागली असती. फर्निचरचे जाणकार टॉमस शेरेटन यांनी १८०३च्या आपल्या कोशात आडपडदा न ठेवता सांगून टाकलंय, की या खुर्च्या नोकरांसाठी आणि कामानिमित्त थांबलेल्या परक्यांसाठी.

आणि तरी लाकूड कुठलं, तर महोगनी! १७२१मध्ये वसाहतींतल्या लाकडावरचं आयातशुल्क उठलं आणि जमैकाहून ओंडक्यांची रीघ लागली. ते तोडणारे गुलाम होते. त्यांना ‘बसा’ म्हणणारंही कुणी नव्हतं. चिपेंडेलसारख्या नामांकित कारागिराने १७६२च्या आपल्या नमुनापुस्तकात या खुर्च्यांचेही नमुने दिले. म्हणजे शिंप्याला ताटकळत ठेवायचं, पण थाटात.

मला खरी मौज वाटते ती मानचिन्हाची. माणूस टेकून बसला, की सिंह त्याच्या पाठीआड गडप. घराण्याचा रुबाब दाखवायचा तर खुर्ची रिकामी हवी आणि आलेला माणूस समोर उभा. बसलाच, तर त्याला दिसणार समोरच्या भिंतीकडच्या रिकाम्या खुर्चीवरचा सिंह.

कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली कोशासाठी ज्यांचा आश्रय मागितला होता, त्या लॉर्ड चेस्टरफील्डला पत्र लिहून सात वर्षांपूर्वीची आठवण करून दिली: तुमच्या बाहेरच्या दालनात मी खोळंबलो होतो. कोश पुरा होत आल्यावर लॉर्डसाहेब कौतुकाला पुढे सरसावले होते ना! खुर्ची कशी होती, याबद्दल पत्रात चकार शब्द नाही. कठीण फळी माणूस विसरतो. खोळंबा विसरत नाही.

पुढे कित्येक हवेल्या मोडीत निघाल्या आणि या खुर्च्या लिलावात आल्या. आता त्या जोडीने विकल्या जातात, दुसऱ्याच्या घराण्याच्या सिंहासकट. पूर्वज असे आयते मिळाले तर कुणाला नको आहेत? घेणारा हौसेने त्या दारापाशी मांडतो. मग एकीवर छत्री, दुसरीवर टपाल. कुरिअरवाला आला तरी त्याला कुणी ‘बसा’ म्हणत नाही, आणि म्हटलं तरी तो बसणार नाही. त्याला अजून पुढची घरं उरकायची असतात.