विरोधी बाकांवरचा मूलभूत हक्क

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे की नाही, हे आपल्याकडे राज्यघटना उघडून ठरत नाही. सभागृहात कोण कुठल्या बाजूला बसलंय, त्यावर ठरतं.

1986 मध्ये राजीव गांधींच्या सरकारने टपाल दुरुस्ती विधेयक आणलं. लोकांची पत्रं उघडून वाचायची सरकारला मुभा! लोकसभेत चारशेच्या वर खासदार दिमतीला, त्यामुळे मंजुरीला अडचण नव्हती. अडलं ते राष्ट्रपती झैलसिंग यांच्याकडे. त्यांनी सही केली नाही आणि विधेयक परतही धाडलं नाही. नुसतं ठेवून दिलं. पुढे 1991 मध्ये राजीवजी सत्तेबाहेर असताना त्यांच्या दिल्लीतल्या घराबाहेर हरयाणा पोलिसांचे साध्या वेशातले दोन शिपाई सापडले. काँग्रेसचा पारा असा चढला की त्याच पक्षाच्या पाठिंब्यावर टिकलेलं चंद्रशेखर यांचं सरकारच गडगडलं. देशभराची पत्रं फोडली तर ते राष्ट्रहित. आपल्या फाटकाशी दोन शिपाई घुटमळले तर लोकशाहीचा खून.

डिसेंबर 2023 मध्ये मोदी सरकारने नवा टपाल कायदा केला. टपाल अडवायचा, उघडायचा अधिकार त्यात आहेच. या खेपेला राज्यसभेत पाळतीच्या नावाने गळा काढायची पाळी काँग्रेसची होती.

भाजपवाल्यांनी यावर हसू नये. 2015 मध्ये आधारच्या खटल्यात त्यांच्या सरकारचे महान्यायवादी सुप्रीम कोर्टाला सांगत होते की, खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने ते खोडून काढलं. मग 2023 मध्ये निवडणूक रोख्यांची सुनावणी आली आणि याच सरकारला एकदम देणगीदारांच्या खासगीपणाचा कळवळा आला. रेशनसाठी अंगठा टेकवणाऱ्या बाईने सगळं उघड करावं, कोटीचा रोखा घेणाऱ्या कंपनीचं नाव मात्र सोवळ्यात! त्यातही गंमत अशी की, एका महिला पत्रकाराने 2018 मध्ये हजाराचा रोखा विकत घेऊन तपासला, तर अतिनील प्रकाशात त्यावर छुपा क्रमांक दिसला. म्हणजे खासगीपणा मतदारापासून. रोखे विकणाऱ्या सरकारी बँकेपासून नव्हे.

महाराष्ट्र तरी मागे कसा राहील? नाना पटोले यांनी 2021 मध्ये विधानसभेत सांगितलं की, ते खासदार असताना त्यांचा फोन 'अमजद खान' या नावाने टॅप झाला, कारण दाखवलं अमली पदार्थांचं. तेव्हा पटोले होते भाजपचेच खासदार! महाविकास आघाडीच्या काळात टॅपिंगचे गुन्हे दाखल झाले, सरकार पालटलं, 2023 मध्ये हायकोर्टात ते रद्दही झाले. गब्बर मात्र फुकट बदनाम झाला.

या सगळ्यात एक गोष्ट कुठल्याच सरकारने बदलली नाही. टॅपिंगचा आदेश काढतो गृहसचिव आणि तो तपासते सचिवांचीच समिती. न्यायाधीश कुठेच नाही. विदा संरक्षणावरच्या न्या. श्रीकृष्ण समितीने 2018 मध्ये हिशेब मांडला होता: सचिवांची ही समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एका बैठकीत तिच्यापुढे 15 ते 18 हजार आदेश असतात. एवढ्या कागदांवरची धूळ झटकायलाही एक बैठक पुरायची नाही.

सत्तेत असलेल्याला ही सोय मोडायची नसते आणि बाहेर असलेल्याला ती उद्या वापरायची असते. तेव्हा 'माझा फोन टॅप होतोय हो' म्हणत कुणी साहेब माइक हातात घेतील, त्यांना एवढंच विचारा: तुमचं सरकार आलं तर टॅपिंगच्या आदेशावर न्यायाधीशाची सही सक्तीची करणार का?

साहेबांची रेंज नेमकी तेव्हाच जाते.